कधीच न उडालेली विमानं: कोणतं किट घ्यावं?

स्पिटफायर, मस्टँग, मिग-२१ ही मंडळी शोकेसमध्ये बसली की प्लास्टिक मॉडेल करणाऱ्याला वेगळीच खाज सुटते. असं काहीतरी करावं की घरी आलेल्या जाणकारालाही विचारावं लागेल, "हे कुठलं रे विमान?" मग शोध सुरू होतो तो रद्द झालेल्या, अर्धवट राहिलेल्या किंवा नुसत्या कागदावर काढलेल्या विमानांचा. त्यांची किट्स, म्हणजे जोडून मॉडेल करायचे सुट्या भागांचे डबे, बरीच आहेत, पण ती सगळी एका माळेत ओवण्यासारखी नाहीत. घेण्याआधी एकच गोष्ट बघावी: हे विमान प्रत्यक्षात कुठवर पोचलं होतं? उडून रद्द झालं, अर्धं बांधून राहिलं, कागदावरच राहिलं, की कागदावरसुद्धा नव्हतं? तुमची मेहनत कुठे जाणार आणि मोकळीक किती मिळणार, हे बहुतांशी यावरच ठरतं.

उडाली आणि गाडली गेली

इथे खरी लढत ब्रिटनचं बॉम्बफेकी विमान टीएसआर-२ आणि कॅनडाचं लढाऊ विमान अ‍ॅव्रो अ‍ॅरो यांच्यात आहे. टीएसआर-२ पहिल्यांदा उडालं २७ सप्टेंबर १९६४ रोजी, आणि ६ एप्रिल १९६५ ला सरकारने प्रकल्प बंद केला. एकच विमान उडालं, एक्सआर२१९, आणि तेही पुढे तोफांच्या चाचण्यांसाठी लक्ष्य म्हणून वापरलं गेलं. अ‍ॅरोची गोष्ट त्याहून कडू. २५ मार्च १९५८ ला पहिलं उड्डाण, २० फेब्रुवारी १९५९ ला रद्द, आणि उडालेली पाचही विमानं नंतर भंगारात. ओटावाच्या संग्रहालयात एका विमानाचा नाकाकडचा भाग तेवढा उरला आहे. अ‍ॅव्रोचा कारखाना माल्टनला होता, म्हणजे आजच्या मिसिसागात. त्या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना हे किट करताना विषय शेजारचाच वाटेल.

मॉडेल म्हणून बघितलं तर माझा कौल टीएसआर-२ ला. एअरफिक्स कंपनीचं १/७२ मधलं (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतक्या मापाचं) किट २००६ मध्ये आलं, १/४८ चं २००९ मध्ये. १/७२ मध्येच लांबी जवळजवळ ३८ सेंटीमीटर होते, तेव्हा १/४८ घेण्याआधी कपाटाची खोली मोजा. या विमानाची दोन शाबूत शरीरं आजही ब्रिटनमध्ये कॉसफर्ड आणि डक्सफर्डच्या संग्रहालयांत उभी आहेत. त्यामुळे चाकांच्या कप्प्यात काय दिसतं, पॅनेलच्या रेषा कुठून जातात, याचे हवे तेवढे फोटो मिळतात. अ‍ॅरोच्या बाबतीत जुन्या फोटोंवर आणि आराखड्यांवर भिस्त ठेवावी लागते. हॉबीक्राफ्टची अ‍ॅरोची किट्स जुन्या घडणीची आहेत. सांधे भरण्याची तयारी ठेवा, आणि विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात भरपूर वजन घाला. गळाला लावायचं शिसं यासाठी उत्तम. कोकणात ते कोणत्याही मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळतं.

टीएसआर-२ ची खरी परीक्षा रंगात आहे. ते नखशिखांत पांढरं. अण्वस्त्राच्या स्फोटाची उष्णता परतवण्यासाठी दिलेला तो रंग, आणि त्यावरची चिन्हंही मुद्दाम फिकट. पांढऱ्यावर सांध्याची प्रत्येक चूक आणि धुळीचा प्रत्येक कण दिसतो. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) नसेल, नुसता ब्रश असेल, तर या वाटेला जाऊ नका. चाकांची मांडणीही किचकट आहे: प्रत्येक मुख्य पायाला एकामागे एक अशी दोन चाकं. खऱ्या विमानालाही या पायांनी छळलं होतं. पहिल्या काही उड्डाणांत चाकं आत घेताच आली नाहीत.

याच गटातलं तिसरं नाव जपानच्या क्यूशू शिंदेनचं. मागे सहा पात्यांचा पंखा, पुढे छोटे पंख, अशी उलटी ठेवण. ३ ऑगस्ट १९४५ ला ते पहिल्यांदा उडालं आणि बारा दिवसांत जपानने शरणागती जाहीर केली. हासेगावाचं १/४८ चं शिंदेन बिनत्रासाचं आहे. झोकेई-मुराचं १/३२ चं किट आतल्या इंजिनापासून बांधायला लावतं. पहिल्यांदाच चाकोरीबाहेर जाणाऱ्याला मी डोळे मिटून हासेगावाचं सांगेन.

अर्धं लाकूड, अर्धी दंतकथा

हॉर्टेन हो २२९ हे शेपूट नसलेलं, नुसतं पंखच असलेलं जर्मन जेट. दुसरा नमुना उडाला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये कोसळला, त्यात वैमानिक गेला. तिसरा अपुराच अमेरिकनांच्या हाती लागला आणि आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे ते "पहिलं स्टेल्थ विमान", म्हणजे रडारला चकवणारं विमान, म्हणून गाजलं. ही ख्याती पुराव्यापेक्षा आकारावर पोसलेली आहे. मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने त्यातली खरी मजा वेगळी: मधला सांगाडा पोलादी नळ्यांचा, वर प्लायवूडचं आवरण. झोकेई-मुराच्या किटमध्ये ही आतली रचना आणि दोन्ही इंजिनं आहेत. ज्याला आतलं काम दाखवायला आवडतं त्याच्यासाठी हे सोनं. ज्याला शनिवार-रविवारात आटपायचं आहे, त्याने ड्रॅगनचं जुनं १/४८ चं शोधावं. किंमत आणि वेळ दोन्ही वाचतं, पण सांधे तुमचा घाम काढतील.

फक्त कागदावर

या गटात निवड फोके-वुल्फ या जर्मन कंपनीच्याच दोन भावंडांत करावी: टीए १८३ आणि ट्रीबफ्लुगेल.

ट्रीबफ्लुगेल १९४४ च्या सुमाराचं. शेपटीवर उभं राहणारं विमान, पोटाभोवती फिरणारे तीन पंख आणि प्रत्येकाच्या टोकाला रॅमजेट इंजिन. रॅमजेट उभ्या जागेवर सुरू होत नाही, त्याला आधी वेग लागतो. म्हणून पंख रॉकेटने फिरवून द्यायचे अशी कल्पना होती. वैमानिक खाली उतरताना जमीन बघणार कशी, हा प्रश्न कागदावरच राहिला. किट म्हणून मात्र हे फारच सोयीचं आहे. अम्यूझिंग हॉबीचं १/४८ मध्ये आणि मिनीआर्टचं १/३५ मध्ये मिळतं. १/३५ हे रणगाड्यांचं प्रमाण आहे. त्यामुळे त्याच मापाचे सैनिक, ट्रक, पिंपं, शिड्या सहज मिळतात आणि अख्खा देखावा उभा करता येतो. विमान बघून हसणारे लोक देखाव्यापाशी थांबतात.

टीए १८३ दिसायला त्यापुढे साधं आहे, पण गोष्ट जास्त लांबची. हान्स मुल्टहॉप आणि कुर्ट टँक यांचा हा आराखडा: मागे झुकलेले पंख आणि उंच शेपटीवर आडवा पंख. एप्रिल १९४५ मध्ये दोस्त सैन्य कारखान्यात शिरलं आणि काम तिथेच संपलं. सोव्हिएत मिग-१५ याचीच नक्कल, असं तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. त्यावर विसंबू नका. खरा वारसा वेगळीकडे गेला. टँक अर्जेंटिनात गेले, तिथे त्यांनी पुल्की-२ उभं केलं आणि ते १९५० मध्ये उडालं. उंच शेपूट आणि झुकलेले पंख बघितले की टीए १८३ ची आठवण येतेच. अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरॉन यांची सत्ता गेल्यावर टँक आपल्या माणसांसह बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आले, आणि १७ जून १९६१ रोजी एचएफ-२४ मारुत हे भारतीय लढाऊ जेट आकाशात गेलं. त्याआधी १९५९ मध्ये त्याच आकाराचं लाकडी ग्लायडर उडवून बघितलं होतं. आकाराने मारुत टीए १८३ ची मुळीच नक्कल नाही. पण दोघांमागचा माणूस एकच.

म्हणूनच कोणी विचारलं तर मी टीए १८३ आणि मारुत ही जोडी सुचवतो. तुर्कस्तानच्या पीएम मॉडेलचं १/७२ चं टीए १८३ स्वस्त आहे. पंखांची रुंदी जेमतेम १४ सेंटीमीटर, भाग थोडे. एएमटेकचं १/४८ चं मिळालं तर तपशील बरे. मारुत मात्र सोपं नाही. १४७ विमानं बनली, १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर लढली, तरी त्याच्यासाठी रेझिन (साच्यात ओतलेल्या राळेच्या) किंवा व्हॅक्यूफॉर्म (तापवलेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर ओढून केलेल्या) किटच्या मागे लागावं लागतं. कागदावरच राहिलेलं जर्मन विमान दुकानात मिळतं आणि युद्ध लढलेलं भारतीय विमान शोधत फिरावं लागतं, याला काय म्हणावं! पण संदर्भ हवा असेल तर मुंबईकरांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात खरं मारुत बघता येतं. कॅमेरा घेऊन जा, चाकांचे कप्पे आणि हवेची तोंडं टिपा. ही सोय ट्रीबफ्लुगेलवाल्यांना कधीच मिळणार नाही.

कागदावरही नव्हती ती

टेस्टर्सने १९८६ मध्ये "एफ-१९ स्टेल्थ फायटर" काढलं. तेव्हा अमेरिकेचं खरं स्टेल्थ विमान गुपित होतं. किट धो धो खपलं आणि त्यावरून अमेरिकी संसदेतही प्रश्न विचारले गेले. १९८८ मध्ये एफ-११७ उघड झालं तेव्हा कळलं की खरं विमान कोनाकोनाचं आहे आणि किट होतं गोलाईदार. आज एफ-१९ हा शीतयुद्धाचा छान अवशेष आहे, चूक असूनही ठेवण्यासारखा. उलट रेव्हेलने २०१८ मध्ये "हाउनेबू-२" ही नाझी उडती तबकडी काढली. डब्यावरचा मजकूर वाचून असं यान खरंच होतं असा समज होतो, अशी टीका जर्मनीत झाली आणि किट मागे घ्यावं लागलं. या दोघांत निवड करायची वेळ आली तर मी एफ-१९ घेईन. दुसऱ्याला हातही लावणार नाही.

नाझी विमानांची आणखी एक अडचण आपल्याकडे विशेष. डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांच्या, कागदावर तिरकं स्वस्तिक येतं, निदान जर्मनीबाहेर विकल्या जाणाऱ्या काही डब्यांत. देवघरातल्या स्वस्तिकाशी त्याचा संबंध नाही, हे घरच्यांना प्रत्येक वेळी समजावत बसण्यापेक्षा मी ते लावतच नाही. कागदावरच राहिलेल्या विमानाला तसंही चिन्ह सक्तीचं नाही. त्याचा रंगही तुमचा. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांतल्या जर्मन हिरव्या-तपकिरी छटांवर जाणकारांचं आजही एकमत नाही, तेव्हा तुम्हाला चूक कोण म्हणणार?

आता साहित्य. इंजेक्शन मोल्डच्या, म्हणजे नेहमीच्या किटमधल्या, पॉलिस्टायरीन प्लास्टिकला पातळ सिमेंट (मॉडेलचा गोंद) लागतं, ते प्लास्टिक वितळवून सांधतं. रेझिनवर ते काही करत नाही, तिथे फेविक्विकसारखा गोंद हवा. रेझिनचे भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर रंग सुटतो. पॉलिश पेपर ओला करून घासा आणि मास्क लावा, कारण ती धूळ फुफ्फुसात जाणं वाईट. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर रंग मारू नका. दमट हवेत त्यावर पांढरट धुकं चढतं. म्हणजे टीएसआर-२ पावसाळ्यात आणलं तर गणपतीपर्यंत कापणं, जोडणं, घासणं करा आणि पांढरा रंग दिवाळीनंतर.

बहुतेक किट्स परदेशातून मागवावी लागतात. किमतीवर टपालखर्च आणि सीमाशुल्क चढतं, तेव्हा डब्याची छापील किंमत बघून हुरळू नका. हातात एकच किट घेण्याइतके पैसे असतील आणि एअरब्रश नसेल, तर हासेगावाचं शिंदेन. एअरब्रश असेल आणि धीर असेल, तर एअरफिक्सचं १/७२ चं टीएसआर-२. देखाव्याची हौस असेल तर मिनीआर्टचं ट्रीबफ्लुगेल. आणि रेझिनला घाबरत नसाल तर आधी मारुतचं किट शोधायला लागा, टीए १८३ नंतर केव्हाही मिळेल.