बुचानं मार्क बदलायला लावले: पाच देशांच्या व्हिस्की, उघडल्यानंतरचे महिने

गेल्या आठवड्यात एका नावाजलेल्या स्कॉटिश सिंगल माल्टचं (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून बनलेली व्हिस्की) बूच मानेतच तुटलं. वरची लाकडी टोपी माझ्या हातात, कॉर्कचा तुकडा बाटलीच्या गळ्यात, आणि आत अजून निम्म्याला थोडा कमी माल. आमच्या वर्कशॉपमधल्या हेल्परच्या आठवड्याच्या पगारापेक्षा महाग बाटली ही.

मी बेळगावात उद्यमबागला हायड्रॉलिक सिलिंडरचं काम करतो. आमच्या धंद्यात एक सील गळायला लागलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात असतं, आणि आम्ही मुकाट्यानं नवीन बसवून देतो. इथं दुकानदार म्हणाला, "फोडलेली बाटली परत घेता येत नाही हो, अबकारीचं लेबल फाटलंय." नियमानं त्याचं बरोबर. मग मागच्या लेबलवरच्या आयातदाराला मेल केला. त्यांनी बॅच नंबर मागितला, फोटो मागितले, बिल मागितलं. सगळं पाठवलं. शेवटी उत्तर आलं की कॉर्क ही नैसर्गिक वस्तू आहे, तिच्यात कमीजास्त व्हायचंच. नैसर्गिक तर आहेच, ओकच्या एका जातीच्या झाडाची साल ती, पोर्तुगालात दर नऊ वर्षांनी सोलतात. पण तिच्यावर एवढा महाग माल तुम्ही बंद करून विकता, तर ती तुटल्यावर जबाबदारी कुणाची? याचं उत्तर अजून आलेलं नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तोच प्रकार दुसऱ्या कुठल्याही कॉर्कवाल्या बाटलीचा होऊ शकतो, आणि माझं म्हणणं त्या एका कंपनीपुरतं नाही.

म्हणणं असं. व्हिस्कीचे मार्क लोक बाटली उघडल्या दिवशी देतात. आपल्यासारखी माणसं मात्र एक बाटली तीन ते सहा महिने पुरवतात. शनिवारी रात्री तीस मिली, फार तर साठ. म्हणजे आपण पितो ती व्हिस्की बहुतेक वेळा अर्ध्या रिकाम्या बाटलीतली, वर हवा साठलेली असते. तिचे मार्क कुणीच देत नाही. बंद बाटलीत व्हिस्की वर्षानुवर्षं बदलत नाही. उघडल्यावर मात्र वरच्या हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम होतो, हलके वास आधी उडतात, आणि बूच सैल असेल तर अल्कोहोलही हळूहळू जातं. म्हणून मी प्रत्येक बाटलीला तीनदा, दहापैकी मार्क दिले: उघडल्यावर, अर्धी झाल्यावर, आणि तळ दिसायला लागल्यावर.

चव घ्यायला सोबत शेजारचे काका, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. त्यांना लेबल दाखवायचं नाही असा नियम. ग्लास अरुंद तोंडाचे. पाणी राकसकोप धरणाचं, नळाला येतं तेच, उकळून गार केलेलं. बाटलीबंद पाणी आणून बघितलं, फरक वाटला नाही, तो खर्च बंद केला. सोबत तिखट काही नाही, तिखटानंतर जीभ कामाची राहत नाही.

स्कॉटलंडपासून सुरुवात केली. कमीत कमी तीन वर्षं ओकच्या पिंपात आणि बाटलीत निदान 40 टक्के अल्कोहोल, एवढा तिथला कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. लाफ्रोइग 10 उघडली तेव्हा काकांनी ग्लास नाकाला लावला आणि लांब धरला. "दवाखान्यासारखा वास मारूलालीय की रे ही." आयला बेटावरच्या पीटचा, म्हणजे दलदलीतून काढलेल्या जळाऊ मातीचा धूर तो. त्या धुरावर सुकवलेल्या जवातून हा वास शेवटपर्यंत उतरतो. पहिल्या दिवशी मी सात दिले, काकांनी चार. अर्ध्यावर आल्यावर धूर बसला, मागचा गोडवा वर आला, आणि काकांनी स्वतःहून दुसऱ्यांदा मागितली. साडेआठ. धुराच्या व्हिस्कीला हवा सोसते, हा पहिला धडा. टॅलिस्कर 10 ही 45.8 टक्क्यांची, स्काय बेटावरची, मिरपुडीसारखी चरचरणारी. तिचे आठ मार्क सुरुवातीपासून तळापर्यंत आठच राहिले.

याउलट 40 टक्क्यांच्या, फुलांचा आणि मधाचा वास असलेल्या, हलक्या, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या माल्ट. बूच तुटलेली बाटली याच घराण्यातली. उघडल्या दिवशी मी तिला साडेआठ दिले होते. अर्ध्यावर सात. तुटण्याच्या आधीच बूच सैल झालं होतं, बोटानं फिरवलं तर फिरत होतं, आणि तेव्हा दिलेले मार्क सहा. ढिल्या बुचाखाली इतकी उतरते तर व्हिस्की आणि बूच वेगळे मोजायचे कसे? मी एकत्रच मोजतो.

या बुचाचा इतिहास बघितला तर राग वाढतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत व्हिस्कीला वाइनसारखं आत ठोकलेलं बूच असायचं, ते स्क्रूनं ओढून काढायला लागायचं. 1913 मध्ये टीचर्स या व्हिस्की कंपनीच्या विल्यम बर्गियसनं वर लाकडी टोपी असलेलं, हातानं काढता-घालता येणारं बूच आणलं. कॉर्कस्क्रू पुरून टाका अशी त्यांची जाहिरात होती. पुढं 1926 मध्ये व्हाइट हॉर्स या दुसऱ्या कंपनीनं स्क्रू कॅप आणली आणि विक्री भराभर वाढली. म्हणजे सुटसुटीत, घट्ट बसणारं झाकण शंभर वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. तरी महागातल्या बाटल्यांना अजून कॉर्कच, का तर उघडताना 'टप्' आवाज येतो. वाइनची बाटली आडवी ठेवली तर कॉर्क ओला राहतो. व्हिस्की उभीच ठेवायला लागते, कारण एवढ्या कडक दारूत कॉर्क कुजतो. उभी ठेवली की कॉर्क वाळतो. आमच्या बेळगावात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, आणि मार्च-एप्रिलमध्ये दुपारची कोरडी झळ. त्या फुगण्या-आकसण्यात साल किती टिकणार?

मग मी झाकणच बनवलं. तुटलेला तुकडा आत ढकलला, माल मलमलच्या फडक्यातून गाळून घेतला, बाटलीच्या तोंडाला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. टेफ्लॉनच्या बारचा तुकडा लेथवर टर्न केला, दोन खाचा काढल्या, त्यात फूड ग्रेड सिलिकॉनच्या ओ-रिंग बसवल्या. कामगारानं विचारलं, "शेठ, काय करूलालाय? ड्रॉइंग कुठाय ह्या जॉबचं?" आमच्या सिलिंडरला असते ती काळी नायट्राइल रबराची रिंग मात्र इथं चालणार नाही, तिचा वास उतरतो. दुसऱ्या कंपन्यांच्या बाटल्यांना व्हर्नियर लावला तर प्रत्येकीचं तोंड वेगळं, एका मापाचं झाकण दुसरीला बसत नाही. कॉर्क दबतो म्हणून सगळीकडं चालतो, हा त्याचा एकच गुण मी मान्य करतो. ज्यांच्याकडं लेथ नाही त्यांनी संपलेल्या बाटल्यांची चांगली बुचं टाकून देऊ नयेत, आणि बाटली अर्ध्याखाली गेली की प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून तपकिरी काचेच्या, स्क्रू झाकणाच्या 250 मिलीच्या बाटल्या आणून त्यात काठोकाठ भरून ठेवावी. हवा कमी, उजेड कमी. मी आता सगळ्यांचं असंच करतो. क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्या मात्र चालत नाहीत, बहुतेकांच्या तोंडात परत भरता येऊ नये म्हणून गोळीवाली झडप असते.

अमेरिकेची मेकर्स मार्क, ही बर्बन. वर लाल मेण, पण मेणाखाली साधी स्क्रू कॅप! 45 टक्के. बर्बन म्हणजे निदान 51 टक्के मका, आणि आतून जाळलेलं कोरं ओकचं पीप. मेकर्समध्ये राय धान्याऐवजी गहू आहे, म्हणून तिखटपणा कमी. कोऱ्या पिंपामुळं वास इतका भरगच्च की हवेनं त्याचं काही बिघडत नाही. पहिल्या दिवशी साडेसात, शेवटच्या घोटाला साडेसात. बर्बनला कोरं पीप लागतं, त्यामुळं एकदा वापरलेली पिपं स्कॉटलंड-आयर्लंडला जातात. हे कळल्यावर स्कॉचमधल्या व्हॅनिलाचं मूळ सापडलं.

आयर्लंडच्या दोन. जेमसन भाच्यानं विमानतळावरून आणली, परदेशातून येणाऱ्याला दोन लिटर आणता येते त्यातली. स्क्रू कॅप, तीनदा गाळलेली, गुळगुळीत. साडेसहा, आणि त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. दुसरी रेडब्रेस्ट 12. ही सिंगल पॉट स्टिल, म्हणजे मोड आणलेले जव आणि कच्चे जव एकत्र. 1785 मध्ये माल्टवर, म्हणजे मोड आणलेल्या जवावर कर लागला म्हणून आयरिश लोकांनी कच्चे जव घालायला सुरुवात केली असं सांगतात. कर वाचवण्यासाठी केलेल्या गोष्टीतून इतकी चांगली चव निघाली याचं मला मनापासून कौतुक आहे. जिभेवर तेलकट, जाड, मागून सुक्या मेव्याची गोडी. 40 टक्क्यांची असूनही नऊ. अर्धी झाल्याबरोबर लहान बाटल्यांत भरली, अजून नऊच आहे.

जपानची निक्का फ्रॉम द बॅरल. हिच्यावर मी आधी नाराज होतो. बाटली 500 मिलीची, चौकोनी, औषधाच्या बाटलीएवढी दिसते, आणि पैसे मोठ्या बाटलीचे. शिवाय जपानी कंपन्यांच्या संघटनेनं 2021 मध्ये ठरवलेल्या नियमांत ती 'जपानी व्हिस्की' म्हणून बसत नाही, निक्कानं स्वतःच तसं जाहीर केलं आहे. मी सात दिले होते. मग वहीत हिशेब मांडला. ताकद 51.4 टक्के, म्हणजे आत 257 मिली अल्कोहोल. 40 टक्क्यांवर आणली तर ती 640 मिलीच्या वर जाते. आपल्याला पाणी घालूनच प्यायची आहे, मग बाटली तितकी लहान राहत नाही. आणि वर धातूची घट्ट स्क्रू कॅप. पाणी घातल्यावर मसाला, संत्र्याची साल, मध एकामागून एक उलगडतात. शेवटच्या पेगपर्यंत एक गुण कमी झाला नाही. निक्काचे संस्थापक मसाकाता ताकेत्सुरू 1918 साली स्कॉटलंडला जाऊन ही विद्या शिकून आले आणि 1934 मध्ये योइचीला स्वतःची डिस्टिलरी काढली. त्या घराण्याची ही बाटली आता माझ्या वहीत नऊवर आहे. सात खोडले.

आता आपल्याकडं. आमचा जिल्हा उसाचा. अथणी, चिक्कोडी, हुक्केरीकडं जिकडं बघाल तिकडं ऊस, आणि साखर कारखान्यातून निघणारी मळी. देशातल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कींचा पाया ही मळीच, म्हणून युरोपात त्यांना व्हिस्की म्हणून विकता येत नाही, तिथं धान्यच लागतं. त्यामुळं भारतीय म्हटलं की नाक मुरडायची सवय पडली आहे, आणि ती अमृत, पॉल जॉनच्या वाट्याला येते हे मला खटकतं. या दोन्ही जवापासून बनलेल्या खऱ्या सिंगल माल्ट आहेत. अमृत बेंगळुरूच्या जगदाळे घराण्याची. 2004 मध्ये त्यांनी आपली सिंगल माल्ट आधी थेट ग्लासगोत, स्कॉच पिणाऱ्यांच्या गावात नेऊन विकायला ठेवली. आडनाव वाचून इथल्या माणसाची छाती थोडी फुगते, माझीही फुगली. फ्युजन म्हणजे भारतीय जव आणि स्कॉटलंडचे पीट केलेले जव, 50 टक्के. 'व्हिस्की बायबल' या आपल्या वार्षिक पुस्तकाच्या 2010 च्या आवृत्तीत व्हिस्की-समीक्षक जिम मरे यांनी तिला जगात तिसरी ठरवलं होतं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडून जातं, बेंगळुरूत दहा-बारा. म्हणून आपल्याकडची व्हिस्की लवकर पिकते, आणि म्हणूनच वर वय छापलेलं नसतं. वय नाही म्हणून कमी लेखणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

काकांना फ्युजन लेबल न दाखवता दिली. ते म्हणाले, "ही स्कॉटलंडची पक्की." सांगितल्यावर त्यांनी बाटली हातात घेऊन लेबल दोनदा वाचलं. आधी धूर, मग कुंद्याच्या कढईला धरलेल्या खरवडीचा वास, मग सुंठ. साडेआठनं सुरुवात, अर्ध्यावर नऊ, तळाला नऊ. 750 मिली गुणिले 50 टक्के, म्हणजे 40 टक्क्यांच्या 937 मिलीएवढा माल. पैशाच्या हिशेबात हिच्या जवळपास कुणी येत नाही.

पॉल जॉन बोल्ड, 46 टक्के, चोर्ला घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या गोव्यातली, कुंकळ्ळीची. पीट स्कॉटलंडचं, हवा गोव्याची. आठ, अर्ध्यावर साडेआठ. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून कणकुंबीच्या नाक्यावरून लपवून आणणारे पुष्कळ आहेत. मी इथंच बिल घेऊन घेतो, बाटलीत काय आहे याची खात्री मला त्यात वाचणाऱ्या तीनशे रुपयांपेक्षा मोलाची वाटते.

यापुढं 40 टक्क्यांची हलकी माल्ट आणि वर कॉर्क, असा जोड मी घेणार नाही, मग लेबलवर कितीही जुनं साल असो. पुढची खरेदी फ्युजन. निक्का भाच्याला सांगून ठेवली आहे. टॅलिस्करच्या मापाचं टेफ्लॉनचं झाकण या आठवड्यात लेथवर चढेल.