टेबल मॅटच्या पोटात काय घालायचं: फायबर शीट की जुनी सुती साडी?

क्विल्टिंगचे, म्हणजे दोन कापडांच्या मधे थर घालून वरून शिलाई मारलेले, टेबल मॅट आणि रनर (टेबलाच्या मधोमध अंथरायची लांब पट्टी) घरी शिवायचं ठरलं की कापड कुठलं, रंग कुठला, डिझाईन कसलं यावर सगळे भरपूर बोलतात, पण खरा प्रश्न मधल्या थराचा असतो. काठ नंतर बदलता येतो, वरून एखादी पट्टी लावता येते, पोटात एकदा जे घातलं ते मात्र उसवल्याशिवाय निघत नाही. आपल्या कोल्हापुरात सहज हाताशी येणारे दोनच मार्ग आहेत. एक म्हणजे गादीवाल्यांकडं मीटरवर मिळणारी पॉलिएस्टरची फायबर शीट, आणि दुसरा आपला वाकळेचा मार्ग, म्हणजे जुन्या सुती साड्यांचे थर. कॉटन बॅटिंग, म्हणजे क्विल्टच्या आत घालायचा तयार सुती थर, ऑनलाइन मिळतं आणि ते चांगलंही असतं, पण मॅटसाठी तेवढा खर्च मला जास्त वाटतो, शिवाय आधी पाण्यातून काढलं नाही तर पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून ते इथं बाजूला ठेवतो. पिंजलेला कापूस तर मॅटला नकोच, धुतला की गोळे होतात.

मी दोन्ही प्रकारचे सेट शिवलेत आणि दोन्ही घरात रोज वापरात आहेत, त्यामुळं जे लिहितोय ते वापरून लिहितोय. मशीन चालवता येते, कच्चे टाके घालता येतात, पायपिंग लावता येतं असं धरून चालतो.

फायबर शीटचं पहिलं सुख म्हणजे दिसणं. शंकरपाळीच्या आकाराची शिलाई मारली की प्रत्येक चौकट छान फुगून वर येते, मॅट एकदम दुकानातल्यासारखा भरदार दिसतो, हातात हलका लागतो. कात्रीनं सरळ कापता येते, धागे निघत नाहीत, थरावर थर जुळवत बसायची भानगड नाही, एकच तुकडा टाकला की झालं. एका निवांत दुपारी चार मॅट सहज होतात. मशीनवर वरचं कापड पुढं सरकतं आणि शेवटाला चुण्या पडतात हे खरंय, पण वॉकिंग फूट (वरचं कापडही खालच्याबरोबर पुढं सरकवणारा मशीनचा फूट) असेल तर तो त्रास बराच कमी होतो, नसेल तर फूटचा दाब जरा सैल करून आणि कच्चे टाके जवळजवळ घालून भागतं. एवढं मात्र सांभाळा की शीट उघडी मशीनवर घालायची नाही, खाली कापड पाहिजेच, नाहीतर मशीनच्या दात्यांत तंतू अडकतात.

इथपर्यंत सगळं फायबरच्या बाजूनं आहे आणि नुसतं बघायला ठेवायचं असतं तर मीही तिथंच थांबलो असतो. पण मॅटवर जेवायचं असतं.

आपल्याकडं पाहुणे आले की मटणाचा बेत, मग ताटात सुकं, भाकरी, भात, कांदा-लिंबू, आणि तांबड्या-पांढऱ्याच्या दोन वाट्या. मोठं ताट घेतलं तरी सगळं त्यात मावत नाही, एक वाटी हमखास ताटाबाहेर मॅटवर येते. आणि नेमकी तिथंच फायबरची अडचण कळते. वाटीचं बूड बारकं, खाली मॅट फुगलेला, अर्धं बूड चौकटीच्या उंचवट्यावर आणि अर्धं शिलाईच्या खाचेत, म्हणजे वाटी डुलणारच. रस्सा पातळ, काठोकाठ वाढलेला. दरवेळी सांडतो असं नाही, पण जेवणारा माणूस नकळत एक हात वाटीला लावून बसतो. माझ्या टेबलावर मी हे नीट बघितलंय, डावा हात वाटीवर, उजव्या हातानं भाकरी मोडायची धडपड, आणि वाढपी दुसऱ्यांदा रस्सा वाढायला आला की ताट सोडून लक्ष सगळं वाटीकडं. पाण्याच्या पेल्याचंही तेच, बारक्या पोरांसमोर तर पेला मी मॅटच्या बाहेर टेबलावर ठेवायला लागलो, मग मॅट अंथरून उपयोग काय? जेवायला बसलेल्या माणसाला निवांत जेवता आलं पाहिजे, त्याचा हात अडकून पडला तर मॅट कितीही देखणा असला तरी मला तो नको वाटतो.

यात भर पडते गरम भांड्याची. रश्श्याचं पातेलं चुलीवरून थेट मॅटवर ठेवलं म्हणून फायबर वितळत नाही, पॉलिएस्टर वितळायला साधारण 250 अंशांच्या वर उष्णता लागते आणि रस्सा काही शंभराच्या फार पुढं जात नाही. पण पॉलिएस्टर त्याच्या कितीतरी आधी, सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढंच नरम पडायला लागतं आणि त्या अवस्थेत वरून वजन असेल तर दबलेलं तसंच राहतं. त्यामुळं पातेलं जिथं ठेवाल तिथं हळूहळू गोल खड्डा पडतो, तो धुऊन जात नाही, आणि कडक इस्त्री तर फायबरवर फिरवायचीच नाही. म्हणजे आधी उंचवट्यांमुळं वाटी डुलत होती, आता खड्ड्याच्या काठावर डुलते. तापलेला लोखंडी तवा किंवा फोडणीची कढई मात्र कुठल्याच मॅटवर थेट ठेवू नका, खाली लाकडी पाट किंवा तिवई घ्या.

यावर उपाय म्हणून पातळ शीट घेता येते, 100 जीएसएमच्या (चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाच्या) आसपासची, आणि शिलाई इंचा-इंचावर मारता येते. डुलणं कमी होतं, खोटं बोलणार नाही. पण मग तो फुगीरपणा जातो ज्यासाठी फायबर घेतलं होतं, आणि इतकी जवळ शिलाई मारल्यावर मॅट कडक होतो, घडी बसत नाही.

आता साडीकडं. सुती साडीचे थर दाबून शिवले की मॅट सपाट राहतो, जड राहतो आणि टेबलाला धरून बसतो. वाटी ठेवली की ठेवली. वरचं आणि खालचं कापड सोडून आत तीन थर मला बरोबर वाटतात, दोन घातले तर पातळ लागतो आणि चारच्या पुढं मशीन कुरकुरते. सोळा नंबरची सुई, टाका तीन-साडेतीन मिलिमीटरचा, एवढं केलं तर पायमशीनवरसुद्धा आरामात टीप बसते, कारण वर्षानुवर्षं धुतलेली साडी इतकी मऊ झालेली असते की सुई अडत नाही. हातानं धावदोरा घालणार असाल तर कडेपासून सुरू करून फेऱ्या घेत मधे या, आपल्या बऱ्याच बायका वाकळ अशीच शिवतात, आणि उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी (त्यांची गोधडी) ही कडेपासून आत अशीच भरली जाते. कडा आधी बांधल्या गेल्या की थर सरकायला जागाच उरत नाही. दोऱ्यावर मेण फिरवून घेतलं तर तो गुंतत नाही. आणि पहिल्या धुण्यानंतर टाक्यांमधे जी बारीक सुरकुती उठते ती मला फायबरच्या फुगीर चौकटींपेक्षा जास्त आवडते, पण ही आवडीची गोष्ट झाली, तुम्हाला गुळगुळीत आवडत असेल तर ती कदाचित खटकेल.

साडीत मेहनत आहे, ती लपवत नाही. आधी साडी खरंच सुती आहे का ते बघायला लागतं, कारण कॉटन म्हणून घेतलेल्या बऱ्याच साड्यांत पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. पदराच्या कडेचे दोन धागे काढून काडीनं पेटवून बघा, सुती धाग्याची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, पॉलिएस्टर आक्रसून त्याचा कडक मणी होतो. मग विरलेला भाग वगळायचा, साधारण निऱ्यांच्या खालचा आणि बसण्याच्या जागेचा, स्टार्च असेल तर धुऊन काढायची, इस्त्री करायची, उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापायची. साडेपाच मीटरच्या साडीतून 15 बाय 20 इंचाचे तुकडे काढले तर हिशोबानं दहा मॅटचं पोट भरतं, विरलेला भाग सोडला तर सात-आठ धरा. घरात जुन्या साड्या नसतील तर इचलकरंजीचं मांजरपाट किंवा मलमल घ्या, तिथं मागांवर सुती कापड पूर्वीपासून निघतं, आणि आपल्याला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या होलसेल बाजारात कापड बघत फिरणं सोपं पडतं. फक्त नवं कापड आधी गरम पाण्यातून काढून खळ घालवा आणि आटू द्या, मगच कापा. नव्या कापडाला जुन्या साडीचा मऊपणा यायला वेळ लागतो हे धरून चाला.

साडीच्या विरुद्ध जाणारी सगळ्यात मोठी गोष्ट आपला पाऊस. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात काय हवा असते ते सांगायला नको. सुती कापड वाळलेलं असतानाही स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा हवेतून धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. त्यात पाच थर एकावर एक, म्हणजे पावसाळ्यात मॅट दोरीवर दोन-दोन दिवस लोंबकळतो आणि मधला थर ओला राहिला तर कुबट वास येतो. फायबरचा मॅट पिळून पंख्याखाली टाकला की संध्याकाळपर्यंत तयार. इथं फायबर सरळ जिंकतं. मी यातून असा मार्ग काढला की पावसाळ्यासाठी आत एकच थर घातलेला पातळ सेट वेगळा ठेवला, त्याला जाडी कमी आहे पण वाटी सपाट बसते, आणि जाड सेट गणपती झाले की बाहेर काढतो. फ्लॅटमधे वाळत घालायला बाल्कनी नसेल तर मात्र या मुद्द्याचा नीट विचार करा.

डागांचं म्हणाल तर दोघांनाही पडतात, वरचं कापड सुतीच असतं. तांबड्याचा कट आत झिरपला की फायबर ते तेल धरून ठेवतं, कापडावरचा डाग निघाला तरी आतून पिवळट छटा परत वर येताना मी पाहिलीय. साडीच्या थरांना गरम पाणी आणि साबण दोन्ही सोसतं त्यामुळं तेल बऱ्यापैकी निघतं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, ते बघून घाबरायचं कारण नाही, खळबळून कडक उन्हात टाका, हळदीचा रंग ऊन उडवतं. गडद रंगाच्या मॅटवर फायबरचे पांढरे तंतू कापडातून वर येतात तेही लक्षात असू द्या, मरून किंवा काळ्या कापडावर ते फार दिसतात, कापड घट्ट विणीचं घेतलं तर कमी येतात.

घर सजवायच्या बाजूनं बघितलं तर दोन्हीला जागा आहे. टीकोझीला फायबरच घाला, तिथं फुगीरपणा म्हणजेच गरमपणा, केटली नीट झाकली जाते आणि त्यावर कुणी वाटी ठेवत नाही. खुर्चीच्या पाठीचं कव्हर, भिंतीवर लावायचा क्विल्ट, खिडकीतल्या बसायच्या जागेची उशी, इथंही फायबर हलकं आणि सोयीचं. रनरचं मात्र दोन्हीकडून बोलता येतं. रनरवर फुलदाणी आणि लोणच्याच्या बरण्याच राहणार असतील तर फायबर चालेल, मधे पातेली येणार असतील तर साडी.

रंगाबद्दल एक आवर्जून सांगतो. आत आईच्या किंवा आज्जीच्या साडीचे थर असतील तर त्याच साडीचा काठ कापून मॅटला पट्टी म्हणून लावा, इरकलीचा काठ तर मॅटला फारच शोभतो, आणि टेबल मांडलं की घरातलं कुणीतरी हात फिरवून ही साडी कुणाची ते ओळखतंच. आमच्या घरात हे प्रत्येक सणाला होतं आणि मला त्याचं फार अप्रूप आहे. खणाचं कापड वर घ्यायचा सध्या बराच ट्रेंड आहे, दिसतंही सुरेख, पण त्याच्या कडांचे धागे पटापट निघतात आणि रंग जाण्याची भीती असते, म्हणून तो रनरच्या मधल्या पट्टीला घ्या, रोजच्या जेवणाच्या मॅटला घट्ट विणीचं साधं सुती कापड बरं.

माझं मत विचारलं तर जेवणाच्या मॅटला साडी. ज्यांच्याकडं टेबल जास्त करून चहा-नाष्ट्यापुरतं वापरतात, वाटी-रश्श्याचं जेवण खाली पाटावर किंवा ओट्याजवळ होतं, त्यांना वाटी डुलण्याचा त्रास जाणवणारही नाही आणि मग फायबरचं वाळणं, हलकेपणा, झटपट होणं हे सगळं त्यांच्या कामाचं आहे.

पहिल्यांदा करत असाल तर रनरनं सुरुवात करू नका, लांबी मोठी असल्यानं थर सांभाळणं अवघड जातं. आधी दोन मॅट शिवा, कापताना चारही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जास्त ठेवा कारण शिलाईनं कापड आत ओढलं जातं, आणि शिलाई पूर्ण झाल्यावर मापात कापून मग काठ लावा. तयार माप 14 बाय 19 इंचाचं ठेवा. बाजारातले मॅट बहुतेक 12 बाय 18 चे असतात आणि आपल्या मोठ्या ताटाशेजारी त्यावर वाटीला जागाच राहत नाही.