ऑटोमॅटिकची मॅन्युअल केली आणि गाडी स्लोला बंद पडते: जुना ईसीएम ठेवायचा की बदलायचा?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, दुरुस्तीचा आकडा जुन्या गाडीच्या किमतीला टेकला, म्हणून त्याच मॉडेलचा मॅन्युअल बॉक्स मिळवून बसवला. हिशेबाला धरून केलेलं काम आहे हे. गिअर नीट पडतात, पिकअपही बरा आहे. पण बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटची रांग दिसते, तुम्ही क्लच दाबून गाडी हळू करता, आरपीएमचा काटा सरळ खाली येतो आणि इंजिन बंद. काही गाड्या बंद पडत नाहीत, पण उभ्या असताना रेस आपोआप वर-खाली होत राहते.

मग सल्ले मिळतात ते साधारण तीन. जुनाच ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ठेवून त्याला हवे ते सिग्नल द्या; मॅन्युअल गाडीचा ईसीएम आणून बसवा; नाहीतर दोन्ही सोडून प्रोग्राम करता येणारा स्वतंत्र ईसीएम लावा. रोजच्या वापराच्या पेट्रोल गाडीसाठी माझ्या मते निर्णय एका प्रश्नावर ठरतो: इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा कंट्रोलर वेगवेगळा आहे की एकाच डब्यात? वेगळा असेल तर पहिला मार्ग, एकच असेल तर दुसरा; कॅन नेटवर्कच्या नव्या गाड्यांचा अपवाद पुढे येतो. तिसरा रॅलीवाल्यांसाठी आणि गाडीवर सतत काम करत राहणाऱ्यांसाठी.

पण या तिन्हींवर पैसे घालण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या, कारण त्यांतली चूक कुठलाही ईसीएम दुरुस्त करू शकत नाही.

आधी अर्थ आणि हवा

बॉक्स उतरवताना गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी सुटते, आणि नवा बॉक्स चढवताना ती राहून जाते किंवा रंगावर, गंजावर आवळली जाते. मग सेन्सरांचं रीडिंग हलतं आणि स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं ती गती, बिघडतो. इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी अर्थ करा. कणकुंबी, जांबोटीच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचे वायरिंगचे कपलरही याच वेळी उघडून पाहा. हिरवट बुरशी असेल तर तिथेच निम्मं उत्तर असतं.

हवेचं प्रकरण जास्त फसवं आहे. जुन्या काही ऑटोमॅटिक बॉक्सना इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डवरून व्हॅक्यूमची नळी जायची. बॉक्स गेला, नळीचं तोंड उघडं राहिलं, की मोजणीबाहेरची हवा आत जाते. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या गाडीत त्यामुळे स्लो चढतो. एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत मिक्स्चर पातळ होऊन इंजिन अडखळतं आणि पी ०१७१ कोड येऊ शकतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती कमी-जास्त करतो तो आकडा, पाहा: स्लोला अधिक १५-२० टक्के आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्य असेल, तर कुठेतरी गळती आहेच. व्हॅक्यूम गेज लावणार असाल तर पुस्तकातला १७ ते २१ इंचांचा आकडा समुद्रसपाटीचा असतो हे ध्यानात असू द्या. बेळगाव साधारण ७५० मीटर, म्हणजे सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे आणि दर हजार फुटांमागे इंचभर कमी धरायचा, म्हणजे इथे १५ ते १८ इंच दाखवणारं इंजिन ठणठणीत आहे. हा फरक माहीत नसल्यामुळे चांगलं इंजिन उघडायची वेळ येऊ नये.

थ्रॉटलपासून ऑटोमॅटिक बॉक्सला जाणारी किकडाउन केबल काढल्यावर थ्रॉटल पूर्ण मिटतो का, तेही बघा. ब्रॅकेट जरासं अडलं तरी ईसीएमला पाय पॅडलवर आहे असंच वाटतं. थ्रॉटल बॉडी साफ करा, बॅटरी काढली असेल तर स्लोचं रीलर्निंग, म्हणजे ईसीएमला स्लो नव्यानं शिकवणं, कंपनीच्या पद्धतीनं पूर्ण करा. आणि नुसतं केबिन थरथरत असेल, काटा मात्र स्थिर असेल, तर दोष माउंटिंगचा आहे.

ईसीएम काय समजतो

डी मध्ये ब्रेक दाबून उभं असताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक बॉक्समधला तेलाचा जोड) इंजिनाला सतत ओढत असतो. गिअरचा दांडा कुठे आहे ते सांगणाऱ्या इनहिबिटर स्विचवरून ईसीएम गाडी डी मध्ये आहे हे ओळखतो आणि ओढ भरून काढायला जादा हवा सोडतो. आता कन्व्हर्टर नाही आणि स्विचही नाही. बऱ्याच गाड्यांत त्या स्विचची वायर मोकळी राहिली की ईसीएम कायमचा डी समजतो: जादा हवा सोडतो, ओढ नसल्यानं आरपीएम चढतो, ईसीएम हवा कमी करून तो खाली ओढतो, मग पुन्हा सोडतो. रेस वर-खाली होण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

गेटजवळ बंद पडण्यामागे दुसरं कारण. उतारावर पाय सोडला की ईसीएम पेट्रोल बंद करतो आणि ठरावीक आरपीएमला परत सुरू करतो. ऑटोमॅटिकच्या प्रोग्राममध्ये हा आकडा चाकं आणि इंजिन कन्व्हर्टरमधून जोडलेली आहेत हे धरून ठेवलेला असतो. मॅन्युअलमध्ये क्लच दाबला की जोड तुटते, आरपीएम एकदम पडतो आणि ईसीएम सावरेपर्यंत उशीर होतो. त्यात स्पीड सेन्सरचा सिग्नल नसेल, म्हणजे पी ०५०० कोड असेल, तर गाडी चालते आहे की उभी, हेच ईसीएमला कळत नाही. म्हणून वंटमुरी घाट उतरताना गाडी ठीक आणि खाली येऊन थांबताना बंद, अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी स्पीड सेन्सर धरा.

तिन्ही मार्ग शेजारी ठेवून

जुना ईसीएम ठेवणं सगळ्यात स्वस्त. चांगला वायरमन असेल तर एका दिवसाचं काम, आणि चावी-इमोबिलायझरला (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) हात लागत नाही. अडचण एवढीच की ते बहुधा अर्धवट केलं जातं. स्टार्टर फिरत नाही म्हणून इनहिबिटरच्या दोन वायरी जोडून टाकल्या जातात. स्लो थोडा सुधारतो, पण गाडी गिअरमध्ये असताना क्लच न दाबता स्टार्टर मारला की पुढे झेप घेते. घरासमोर पोरं खेळत असतात, म्हणून ही जोडणी मला अजिबात मान्य नाही. योग्य जोडणी म्हणजे क्लच पॅडलचा स्विच आणि मॅन्युअल बॉक्सचा न्यूट्रल स्विच समांतर घेणं. दोन्हींपैकी एका स्विचनं जरी सर्किट जोडलं तरी ईसीएमला न्यूट्रल कळेल आणि स्टार्टरही तेव्हाच फिरेल. स्टार्टरचा करंट त्या छोट्या स्विचमधून नेऊ नका, मध्ये रिले घाला. स्पीड सेन्सरच्या पल्सचा हिशोब नव्या बॉक्सशी जुळवा. एवढं केल्यावर गिअरबॉक्सचे कोड मेमरीत राहतील, चेक इंजिनचा दिवाही काही गाड्यांत लागून राहील, आणि पेट्रोल कापण्याची वेळ मात्र ऑटोमॅटिकचीच राहील. क्लच दाबताना काटा थोडा बुडेल, पण इंजिन सावरेल.

मॅन्युअलचा ईसीएम बसवला की हा बुडणारा काटाही जातो, कारण प्रोग्रामच त्या बॉक्सचा असतो. अट एकच: एकाच गाडीतून ईसीएम, चावी, इमोबिलायझरचा युनिट आणि शक्यतो इंजिनाचा वायरिंग हार्नेस असा पूर्ण सेट घ्या. नुसता डबा आणला तर गाडी सुरूच होत नाही. तो मॅच करून घेण्याचा खर्च डब्याच्या किमतीला भिडू शकतो. इंजिनाचा कोड आणि उत्सर्जनाचा टप्पा तोच हवा. बीएस-३ चा डबा बीएस-४ इंजिनावर बसवू नका, पीयूसीला अडकाल. पुणे, कोल्हापूर किंवा बेंगळुरू, कुठूनही आणा, पण बिलाशिवाय आणू नका. कॅन नेटवर्कवर, म्हणजे सगळे कंट्रोलर एकमेकांशी जोडून चालणाऱ्या नव्या गाड्यांत मात्र गिअरबॉक्सचा कंट्रोलर गायब झाला की यू ०१०१ येतो आणि काही गाड्या पॉवरच कमी करतात. तिथे दोन वायरींचा उपाय चालत नाही, हाच मार्ग उरतो. अपवाद फोक्सवॅगन गटातल्या बऱ्याच गाड्यांचा: त्यांत ईसीएमचं कोडिंगच ऑटोमॅटिकवरून मॅन्युअलवर बदलता येतं. म्हणून ईसीएम विकत घेण्याआधी चांगल्या स्कॅनरवाल्याकडे एक फेरी मारा.

स्वतंत्र ईसीएमबद्दल थोडक्यात. इंजिन अगदी मनासारखं चालवता येतं, पण थंड सकाळी स्टार्ट, एसी लागल्यावर स्लो धरून ठेवणं, हे सगळं कोणीतरी तासन् तास बसून भरावं लागतं. ट्यूनर बहुधा पुणे किंवा बेंगळुरूचा, आणि प्रत्येक बारीक तक्रारीला राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून एक फेरी. साध्या कुटुंबाच्या गाडीला मी हा सल्ला देणार नाही.

तिन्ही मार्गांना लागू असलेली एक गोष्ट फ्लायव्हीलची. ऑटोमॅटिकला फ्लायव्हीलच्या जागी असते ती फ्लेक्सप्लेट पातळ असते, वजन कन्व्हर्टरचं असतं. मॅन्युअलला पूर्ण वजनाचं फ्लायव्हील हवं. उद्यमबागेत खराद उत्तम आहेत, फेस करून घ्या, पण पिकअप वाढेल म्हणून वजन उतरवू नका. हलक्या फ्लायव्हीलनं स्लो आणखी पडतो. क्रँक सेन्सरचे दात फ्लेक्सप्लेटवर असलेली इंजिनंही आहेत. तिथे नव्या फ्लायव्हीलवर तेच दात नसतील तर कुठलाच ईसीएम नीट चालणार नाही.

शेवटी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. आरसीवर व्हेरिएंटच्या नावात एटी छापलेलं असेल, तर काम सुरू करण्याआधीच आरटीओत विचारा, बेळगावची केए-२२ असो वा चिकोडीची केए-२३. विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच गाडीच्या फाइलमध्ये लावून ठेवा.