टर्नवरच्या दोन रेझ

बेळगाव-खानापूर भागात गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळत वाढलेल्या आमच्यासारख्यांना, चालीची रक्कम आधीच्या चालीने बांधलेली असते, ही सवय अंगवळणी पडलेली असते. नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात मात्र समोर असतील तेवढे सगळे चिप्स कोणत्याही फेरीत लावता येतात, आणि माझी फसवणूक नेमकी या मोकळिकीतून झाली. टिळकवाडीतल्या एका परिचितांच्या घरी दर शनिवारी बसणाऱ्या बैठकीत चार महिन्यांत माझे ३८,००० रुपये गेले.

मी बेफिकीर खेळत नव्हतो. पहिल्या फेरीत बिग ब्लाइंडच्या (पाने वाटण्याआधी दोघांना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या रकमांपैकी मोठ्या रकमेच्या) तिप्पट, फ्लॉपची तीन समाईक पाने उघडल्यावर पॉटच्या, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांच्या, निम्मे आणि टर्नच्या चौथ्या पानावर पुन्हा निम्मे, असा माझा हिशेब असे. निम्म्या पॉटएवढ्या लावलेल्या रकमेला एकाने कॉल दिला, म्हणजे तेवढेच पैसे भरले, तर पॉट दुप्पट होतो, दोघांनी दिला तर अडीचपट. ते दोघे एकाच खिशातून खेळत असतील, हे मात्र मी कधी धरलेच नव्हते.

एक डाव पानानिशी आठवतो. ब्लाइंड ५ आणि १० रुपयांचे, माझ्या हातात इस्पिकचा एक्का आणि राणी. मी ३० लावले, दोन्ही ब्लाइंडवाले आले, पॉट ९०. फ्लॉपवर बदामची राणी आणि दोन लहान पाने उघडली. मी ४५ लावले, दोघांनीही कॉल दिला, पॉट २२५ झाला. टर्नला चौकटची दुर्री आली. दोघांनी चेक केल्यावर, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिल्यावर, मी ११० लावले, तर पहिल्याने ३३० केले आणि दुसऱ्याने क्षणभरही न थांबता ९००. राण्यांची एकच जोडी घेऊन दोन रेझच्या, म्हणजे वाढवलेल्या रकमांच्या, कात्रीत सापडलेल्या मी पाने टाकली. त्यानंतर, केवळ ५७० भरून १,५६५ च्या पॉटसाठी लढता येत असताना, म्हणजे जिंकण्याची जेमतेम २७ टक्के शक्यता पुरेशी असताना, आधी ३३० लावणाऱ्या त्या गृहस्थांनीही शांतपणे पाने टाकली.

घरी वहीत डाव लिहून ठेवण्याची मला सवय आहे. ती चाळली तेव्हा असे अकरा डाव सापडले. प्रत्येकात मी बाहेर पडताच दोघांमधली चुरस संपलेली होती. रिव्हरपर्यंत, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानापर्यंत, गेलेच तर दोघेही चेक करीत, आणि त्यांनी एकमेकांकडून मोठी रक्कम जिंकल्याची एकही नोंद नव्हती. पुढच्या शनिवारी मी पाने उघडून दाखवण्याचा आग्रह धरला, तेव्हा घरमालकांनी, आपल्या माणसांवर असा संशय घेणे शोभत नाही, असे मलाच सुनावले. पैसे लावून खेळलो होतो, म्हणून तक्रार करायला मी कचरलो, आणि ते हे ओळखून होते याबद्दल मला शंका नाही.

मला पुन्हा बोलावणे आले नाही. माझ्या खुर्चीवर आता शहापूरचा एक नवखा तरुण बसतो, असे कळले, म्हणून हे लिहिले.