स्टॅक शिकायचा तर ८०८५ वर की एक्स८६-६४ वर?

असेम्ब्लीतला (प्रोसेसरला थेट सूचना देणाऱ्या भाषेतला) स्टॅक, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी काढायची मेमरीतली जागा, मुळापासून समजून घ्यायचाय, तर सुरुवात कशावर करू, असं ज्युनिअर मुलं हमखास विचारतात. एकीकडे १९७६ सालचा, लॅबमधल्या किटवरचा ८०८५ हा इंटेलचा जुना ८-बिट प्रोसेसर. दुसरीकडे आपला रोजचा लॅपटॉप, म्हणजे त्यातला एक्स८६-६४ प्रोसेसर, लिनक्स, नॅस्म (असेम्ब्लर) आणि जीडीबी (डीबगर). मी दोन्ही केलंय, पण उलट्या क्रमाने. ८०८५ तोंडी परीक्षेपुरता पाठ केला आणि खरा अभ्यास थेट एक्स८६-६४ वर सुरू केला.

एक्स८६-६४ चा मोठा फायदा म्हणजे शिकलेलं लगेच कामी येतं. सी मधलं फंक्शन कंपाइल करा, जीडीबीत उघडा. आरबीपी (फंक्शनच्या जागेचा पाया) आणि आरएसपी (स्टॅकचा माथा) या रजिस्टरांच्या मधल्या जागेत आपलेच लोकल व्हेरिएबल दिसतात. क्रॅशनंतरचा बॅकट्रेस, म्हणजे कुणी कुठलं फंक्शन बोलावलं त्याची यादी, वाचता यायला लागतो. नोकरीत याचाच उपयोग होतो, हे नाकारून चालणार नाही.

पण मला तिथे एका गोष्टीने फार छळलं. मेनमध्ये आरबीएक्स हे रजिस्टर पुश करून (स्टॅकवर ठेवून) प्रिंटएफला कॉल केला, छान चाललं. मग आरसीएक्सही जपावा म्हणून दुसरा पुश घातला, तर सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रामच कोसळला. पुश-पॉपच्या (ठेवण्या-काढण्याच्या) जोड्या दहा वेळा तपासल्या, एकही चूक नाही. दोन संध्याकाळी गेल्यावर जीडीबीत दिसलं की प्रोग्राम माझ्या कोडमध्ये पडतच नव्हता, तो लायब्ररीच्या आत मूव्हएपीएस या सूचनेवर पडत होता; तिला १६ ने भाग जाणारा पत्ताच लागतो. लिनक्सवरचा नियम असा, की कॉल करण्याच्या क्षणी आरएसपीला १६ ने नि:शेष भाग गेला पाहिजे. मेनमध्ये शिरताना परतीच्या पत्त्यामुळे तो ८ ने सरकलेला असतो. प्रत्येक पुश ८ बाइटचा, म्हणून एका पुशने योगायोगाने जुळला, दुसऱ्याने पुन्हा बिघडला. उपाय एका ओळीचा, आरएसपीतून आणखी ८ वजा करा. पण ज्याला स्टॅक म्हणजे काय हेच अजून उमगायचंय, त्याने हे कसं ओळखावं? मला तर कित्येक दिवस वाटायचं, पुश मोजण्यातच माझं काहीतरी चुकतंय.

८०८५ वर परतलो तेव्हा हे सगळं गळून पडलं. एसपीमध्ये, म्हणजे इथल्या स्टॅकचा माथा दाखवणाऱ्या रजिस्टरमध्ये, २७एफएफ टाकलं (पत्ते सगळे हेक्समधले). २००५ या पत्त्यावर कॉल २०५० लिहिलं. कॉल तीन बाइटचा, म्हणून परतीचा पत्ता २००८. सिंगल स्टेप करून मेमरी उघडली: २७एफई वर २०, २७एफडी वर ०८, आणि एसपी आता २७एफडी. बस, एवढंच. मग मुद्दाम सबरूटीनमध्ये बी-सी या रजिस्टरांच्या जोडीत १२३४ भरून पुश केलं आणि पॉप गाळलं. रिटर्न सरळ १२३४ वर गेला! रिटर्नला ‘परतायचं कुठे’ ते ठाऊक नसतं, माथ्यावर जे दोन बाइट असतील ते तो उचलतो, हे मला त्या दिवशी कळलं.

उणीव आहेच. एसपीपासून अमुक अंतरावरचं वाच, अशी सोय ८०८५ मध्ये नाही. एचएल या रजिस्टरांच्या जोडीत ऑफसेट (ते अंतर) भरून डीएडी एसपी करावं लागतं, म्हणजे त्यात एसपी मिळवावा लागतो. त्यामुळे लोकल व्हेरिएबल आणि स्टॅक फ्रेम (एका फंक्शनच्या वाट्याची स्टॅकवरची जागा) तिथे शिकणं जिवावर येतं. तो भाग एक्स८६-६४ वरच करा.

तुम्ही सी मध्ये मुरलेले असाल, तर थेट एक्स८६-६४ घेतलंत तरी बहुधा निभेल. पण पाटी कोरी असेल, तर आधी आठवडाभर ८०८५ द्या असं मला वाटतं. किट नसेल तर सिम्युलेटरही चालेल, फक्त त्यात मेमरीची खिडकी कायम उघडी ठेवा आणि प्रत्येक पुशआधी कुठल्या पत्त्यावर काय पडणार ते वहीत लिहून मगच स्टेपचं बटण दाबा.