स्टर्जन: फ्रेझरला जावं की कोलंबियाला?

सिएटलच्या आसपास राहणाऱ्या आणि गरवण्याचा नाद असलेल्या मराठी माणसापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. सॅमन झाला, ट्राउट झाला, आता स्टर्जन. उत्तरेला सीमेपलीकडची फ्रेझर, दक्षिणेला कोलंबिया, आणि गाडीचा वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच. मासाही एकच, पांढरा स्टर्जन. पण फ्रेझरवर १९९४ पासून पकडलेला प्रत्येक स्टर्जन सोडावाच लागतो, आणि कोलंबियावर, त्या वर्षी त्या पट्ट्यात परवानगी असेल तर, ठरावीक मापाचा मासा, ठरावीक दिवशी, घरी नेता येतो. तुम्ही कुठे जायचं ते बरंचसं यावर ठरेल.

मी दोन्ही नद्यांवर गेलेलो आहे, दोन्हीकडे हात दुखेपर्यंत मासा ओढलाय. काय आवडलं ते पुढे येईलच. माझ्याकडे मोजमापं नाहीत, अनुभव आहे, तेव्हा मीठ चवीनुसार घाला.

आधी आमिषाबद्दल, कारण दोन्हीकडे मासा एक असला तरी त्याचं वागणं मला वेगळं दिसलं. स्टर्जनचे डोळे बारीक आणि अन्न शोधायला फारसे कामाचे नाहीत. नाकाडाखाली चार मिशा असतात, त्या तळाला घासत तो वासाने आणि चवीने चालतो. नाकाडाच्या खालच्या बाजूला सूक्ष्म खड्डे असतात, त्यांनी त्याला जिवंत भक्ष्याची क्षीण वीजही कळते. तोंड खाली, दात नाहीत, आणि ते नळीसारखं पुढे काढून तो आमिष शोषून घेतो. आवडलं नाही तर तितक्याच सहज थुंकून टाकतो. त्यामुळे शंभर किलोचा मासासुद्धा गळाशी आला की काठीच्या टोकाला एखादी टिचकी बसावी इतकंच कळतं. मालवणच्या खाडीत तांबोशीने दोरीला हिसका मारायची सवय असलेल्या माणसाला हे पटायलाच वेळ लागतो. टिचकी, मग काहीच नाही, मग पुन्हा टिचकी, आणि मग टोक सावकाश, ठामपणे खाली जातं. पहिल्या टिचकीला काठी उचलली की मासा गेला.

फ्रेझरवर शरद ऋतूत बहुतेक जण सॅमनची अंडी वापरतात, जाळीदार नायलॉनच्या पोटलीत बांधून. वसंतात युलाकन नावाच्या तेलकट छोट्या माशामागून स्टर्जन येतात, तेव्हा आमिषंही तशी बदलतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वीण आटोपून मेलेले सॅमन वाहत खाली येतात आणि स्टर्जन त्यांच्यावर आडवा हात मारतो. तेव्हा अंड्यांच्या पोटलीवर तो फार विचार करत नाही. कोलंबियाच्या मुखाशी, अ‍ॅस्टोरियाच्या पुलाच्या आसपास, अँकोव्ही चालते. आपल्या मांदेलीच्या कुळातलाच मासा. शिवाय वाळूतली कोळंबीही. तिथे तळाला खेकडे आणि काटेरी डोक्याचे छोटे मासे इतके की आमिष टाकलं की कुरतडायला सुरुवात. वर काठीचं टोक सतत थरथरतं आणि त्यात स्टर्जनची टिचकी कोणती ते ओळखायचं. फ्रेझरवर पाइकमिनो नावाचा चोर आहेच, पण पाणी गार होत गेलं की त्याचा त्रास कमी होतो. निदान मला तसं वाटलं.

आमिषाचाही एक नैतिक हिशोब आहे, आणि तो फारसं कुणी करत नाही. सॅमनच्या एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. जो मासा आपण सोडणारच आहोत त्याच्यासाठी ती अंडी वापरायची, तीही फ्रेझरच्या सॅमनची अवस्था जगजाहीर असताना. युलाकनची तर गोष्टच सोडा, अमेरिकेत २०१० पासून त्याचा दक्षिणेकडचा समूह धोक्यातल्या यादीत आहे. या एका बाबतीत कोलंबियाला गुण द्यावे लागतात. जूनमध्ये तिथे शॅड मासा लाखोंनी वर चढतो. तो हिलशाच्या कुळातला, काट्यांनी भरलेला, आणि मुळात तिथला नाहीच. एकोणिसाव्या शतकात पूर्व किनाऱ्यावरून आणून कॅलिफोर्नियात सोडला आणि तिथून तो पसरला. मोठ्या स्टर्जनसाठी शॅड लावणारे लोक आहेत, आणि मला ते आमिष सगळ्यात निर्दोष वाटतं. (उरलेला शॅड आम्ही हळद-मीठ लावून तळला. काटे काढता काढता संध्याकाळ झाली, पण चव होती.)

आता मासा खाण्याबद्दल. कोकणात वाढलेल्या माणसाला गळाला लागलेला मासा परत सोडायचा हे मुळात पटत नाही. आईला फोनवर सांगितलं की सात फुटी मासा पकडला आणि सोडला, तर पलीकडून फक्त ‘मग गेलास कशाला?’ येतं. आणि तिचं म्हणणं चुकीचं आहे असं मला आजही म्हणता येत नाही. पोटासाठी मारणं आणि मजेसाठी दमवणं यात पहिलं जास्त प्रामाणिक आहे असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि मी त्याच विचाराने आधी कोलंबियाची वाट धरली.

तिथला नियम असा. मुखाजवळच्या पट्ट्यात काही वर्षं ४४ ते ५० इंचांचाच स्टर्जन ठेवता यायचा. माप नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत घ्यायचं. त्याहून लहान परत, मोठा परत. मोठा परत करण्यामागचं कारण पक्कं आहे. मादी विणायला लागते तीच वयाच्या विशीच्या आसपास किंवा त्याही पुढे, आणि मग दरवर्षी विते असंही नाही, मध्ये बरीच वर्षं जातात. अशी म्हातारी मादी मारली की पुढचं कितीतरी गेलं. ठेवायची परवानगीही वर्षातल्या मोजक्याच दिवशी असायची, कधी तर दुपारी दोनपर्यंतच. २०१४ ते २०१६ बॉनव्हिल धरणाखाली ती पूर्ण बंद होती. त्यामुळे निघण्याआधी त्या वर्षीचा नियम वाचा, मागच्या वर्षीच्या मित्राच्या फोटोवर विसंबू नका.

ऐकायला हे सगळं शहाणपणाचं आहे. बोटीत बसल्यावर मात्र ती सहा इंचांची फट डोक्यात जाते. ठेवायचा दिवस असल्यामुळे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर पहाटेपासून गाड्यांची रांग, नदीत बोटीला बोट लागलेली. मासे लागतात, पण बहुतेक सगळे एक तर लहान किंवा मोठे. मोठा पाण्याबाहेर काढायचाच नसतो, तो लगेच सुटतो. लहानही नजरेला कळतो. अडचण होते ती मधल्या माशाची, त्रेचाळीस आहे की चव्वेचाळीस अशा वादातल्या. त्याला जाळ्यात घेऊन बोटीत आणायचा, कुशीवर आडवा करायचा, खाली पट्टी सरकवायची. तो शेपूट मारतो, पट्टी सरकते. कुणीतरी नाक दाबून धरतं, कुणीतरी शेपटी सरळ करायच्या नावाखाली ओढतं. ‘बसतोय बघ, अर्धा इंच फक्त.’ पुन्हा मोजा. तोवर मासा कोरड्या फळीवर, कल्ले उघडझाप करत. शेवटी तो बसत नाहीच, आणि परत पाण्यात जातो. मग पुढचा.

हे बघताना माझा खाण्याच्या बाजूचा युक्तिवाद हळूहळू मोडला. एक मासा घरी नेण्यासाठी आम्ही कितीतरी मासे पकडून सोडत होतो. फ्रेझरवर ज्याला नावं ठेवतात तेच. फक्त इथे माशाला पाण्याबाहेर, पट्टीवर, घाईत हाताळत होतो, कारण दोन वाजायला आले होते. चांगले बोटवालेही आहेत, जे पट्टी ओली करून तयार ठेवतात आणि शंका असेल तर मोजायच्या आधीच सोडून देतात. मला भेटले ते तसे नव्हते, आणि एका बोटीवरून सगळ्या नदीला बोल लावणं बरोबर नाही हेही मान्य. पण नियमाची रचनाच अशी आहे की सीमेवरच्या माशाला त्रास होणारच. तेवढं सोसून जो मासा घरी आला त्याचं कालवण उत्तम झालं होतं, हे लपवत नाही. मांस मुशीसारखं घट्ट, आणि तिखट-कोकमाला छान धरतं.

फ्रेझरला या कटकटीतून सुटका आहे, कारण तिथे ठेवायचा प्रश्नच नाही. १९९३-९४ मध्ये खालच्या फ्रेझरमध्ये मोठमोठे स्टर्जन मरून काठाला लागू लागले. त्याआधी शंभर वर्षांपूर्वी व्यापारी मासेमारीने ही नदी एकदा उपसून झालेलीच होती, १८९७ च्या सुमारास शिखर आणि त्यानंतर दहाएक वर्षांत सगळं संपलेलं. म्हणून बंदी आली. आज बोटवाल्यांपैकी बरेच जण खुणा लावायच्या कार्यक्रमात स्वयंसेवक आहेत. मासा बोटीच्या कडेला आला की त्याच्या डोक्यामागून एक यंत्र फिरवतात. आत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असेल तर बीप वाजतं आणि क्रमांक येतो. नसेल तर नवी चिप टोचतात, लांबी आणि घेर लिहून घेतात. मासा उलटा केला की बऱ्याचदा शांत पडून राहतो, तेवढ्यात काम उरकतं, आणि मोठ्या माशाच्या बाबतीत सगळं पाण्यातच. इथेही मोजतात, पण त्या मोजण्यावर कुणाचं जेवण अवलंबून नसतं. त्यामुळे कुणी शेपटी ओढत नाही. मला वाटतं, माझ्यासाठी पारडं झुकलं ते इथेच.

फ्रेझर निष्पाप आहे असं समजू नका. ते बीप दर वेळी आनंदाचं नसतं. हा मासा आधीही, कधी कधी अनेकदा, गळाला लागलेला आहे हेही तेच सांगतं. शंभर वर्षं जगू शकणाऱ्या प्राण्याला आपण आयुष्यात किती वेळा दमवणार? वर फोटोची हौस. कमरेएवढ्या पाण्यात चौघे माशाला मांडीवर घेऊन उभे, कॅमेरेवाला ‘अजून एक’ म्हणतोय. उन्हाळ्यात पाणी कोमट असताना मोठा मासा तासभर खेळवला तर त्याच्या अंगावर ताण जास्त येतो, यावर फ्रेझरवरच अभ्यास झालेला आहे. बारीक दोरीने मोठा मासा काढायची मर्दुमकी तिथेही दिसते.

कोलंबियाच्या बाजूने आणखी एक सांगायला हवं. ती नदी धरणांनी तुकडे केलेली आहे, प्रत्येक जलाशयात स्टर्जन कोंडलेला. सॅमनसाठी बांधलेल्या शिड्या तो क्वचितच चढतो. बॉनव्हिलच्या खाली समुद्रसिंह त्याला खातात. अशा नदीवरचे नियम किचकट होणारच. ते करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. फ्रेझरच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही, आणि हा फरक काठावर उभं राहिल्यावर समजतो. पाणी गढूळ, जोरदार, आणि कुणाच्या वेळापत्रकाने वाहत नसलेलं.

कोणी कुठे जावं? घरात मासा यायलाच हवा असेल, आणि पकडून सोडणं तुम्हाला खरोखरच क्रूर वाटत असेल, तर कोलंबिया. पण मग बोटवाल्याला आधीच सांगा की शंकेचा मासा मोजायचा नाही, सरळ सोडायचा. एक मासा कमी मिळेल. एच-वनवर असाल तरीही कोलंबिया सोपी, कारण भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मुखाजवळच्या लाटांपेक्षा फ्रेझरचं पाणी पोटाला बरं.

बाकी सगळ्यांना मी, दबक्या आवाजात का होईना, फ्रेझर सांगेन. चिलिवॅक किंवा मिशनच्या बाजूला, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. सुमासच्या नाक्यावरून सीमा ओलांडलीत तर पलीकडे ज्या सपाट शेतांमधून गाडी जाते तिथे पूर्वी तळं होतं. १९२४ पर्यंत ते उपसून शेतजमीन केली, त्याआधी स्टर्जन तिथेही येत. २०२१ च्या नोव्हेंबरात महापूर आला तेव्हा त्या तळ्याने काही दिवस आपली जागा परत घेतली होती.

बोट ठरवताना चार गोष्टी विचारा. दोरी जाड आहे का. गळ उलटा काटा नसलेला तर नियमानेच हवा, पण वर्तुळाकार आहे का, म्हणजे तो घशात न जाता तोंडाच्या कडेला लागतो. खुणा वाचायचं यंत्र बोटीवर आहे का. आणि फोटोसाठी मासा किती वेळ धरतात. शेवटच्या प्रश्नाला ‘तुम्हाला हवा तेवढा’ असं उत्तर आलं, तर दुसरी बोट बघा. परवाने दोन लागतील, एक साधा आणि एक स्टर्जनचा वेगळा. मिशनच्या रेल्वे पुलापासून समुद्राच्या दिशेने भरतीचं पाणी सुरू होतं, तिथला परवाना निराळा. थर्मासमध्ये चहा न्या, कारण पहिल्या टिचकीनंतर काठी न उचलता बसून राहायचं असतं, आणि हातांना काहीतरी काम हवं.