घर, गाडी की फोन : एका जागेत घडणाऱ्या थरारपटासाठी काय निवडावे?

मुंबईत पहिला चित्रपट करू पाहणाऱ्या मराठी लेखक-दिग्दर्शकांपैकी बरेच जण कधी ना कधी एकाच जागेत घडणाऱ्या थरारपटाचा विचार करतात, आणि तो विचार चुकीचा नाही. एकांकिका स्पर्धांतून आलेल्या मंडळींना एका खोलीत गोष्ट उभी करण्याचा सराव असतो, कलाकार मोजके लागतात, आणि युनिट रोज एकाच ठिकाणी जमत असल्यामुळे शिफ्टमधले तास सामान हलवण्यात आणि रहदारीत वाया जात नाहीत. घोडे अडते ते जागेच्या निवडीवर. आकाराने शेकडो जागा सुचतील, पण नाट्याच्या दृष्टीने पर्याय मुख्यतः तीनच आहेत : बंद घर, चालती गाडी आणि फोनसमोर बसलेला माणूस. यांतला कोणता स्वस्त पडेल, हा प्रश्न नंतरचा आहे. आपल्या पात्राला तिथून उठून का जाता येत नाही, याचे उत्तर जिथे सर्वांत पक्के मिळते, ती जागा निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रश्नाने भल्याभल्यांना अडवले आहे. अमेरिकी पटकथालेखक लॅरी कोहेन यांनी टेलिफोन बूथमध्ये घडणाऱ्या चित्रपटाची कल्पना साठच्या दशकात थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांना ऐकवली होती. हिचकॉक यांना ती आवडली, परंतु माणूस संपूर्ण चित्रपटभर त्या बूथमध्ये का थांबेल, याचे उत्तर दोघांपैकी कोणालाच सापडले नाही आणि कल्पना कित्येक वर्षे पडून राहिली. पुढे कोहेन यांना उत्तर सुचले : समोरच्या एखाद्या खिडकीआड नेमबाज बसला आहे आणि रिसीव्हर खाली ठेवला तर तो गोळी घालणार आहे. त्यातून झालेला ‘फोन बूथ’ २००३ साली प्रदर्शित झाला. जागा पहिल्या दिवसापासून हाताशी होती आणि तरीही चित्रपट नव्हता, ही गोष्ट लोकेशन बघायला बाहेर पडण्याआधी लक्षात घ्यावी.

घराचा पर्याय सर्वांत ओळखीचा आहे आणि म्हणूनच तो सर्वांत बारकाईने तपासायला हवा. मुंबईत घर म्हणजे शेजार. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकवली तरी खाली कळते, दूधवाल्यापासून कचरा नेणाऱ्या मावशींपर्यंत कोणी ना कोणी रोज दार वाजवते, आणि दोन दिवस पेपर दारातच पडून राहिला तर सोसायटीचा सेक्रेटरी चौकशी करतो. असे असताना माणूस घरात अडकतो आणि कोणालाच कळत नाही, हे प्रेक्षकाने का मानावे? विक्रमादित्य मोटवाने यांच्या ‘ट्रॅप्ड’ने (२०१७) याचे उत्तर मुंबईच्याच बांधकाम व्यवहारातून काढले. प्रभादेवीतला उंच टॉवर उभा आहे, पण त्यात राहायला कोणी आलेले नाही. राजकुमार राव यांनी साकारलेला तरुण तिथल्या फ्लॅटमध्ये दलालामार्फत येतो, किल्ली बाहेरच्या बाजूने कुलपात राहते आणि दार बंद होते. त्यानंतर पाणी नाही, वीज नाही, फोनची बॅटरी संपलेली. बाल्कनीतून खाली शहर दिसते, पण हाक तिथवर पोहोचत नाही. पाऊस येतो तेव्हा घरात सापडेल त्या भांड्यात तो पाणी धरू लागतो, आणि मुंबईकर ज्या पावसाला एरवी वैतागतो, तोच पाऊस त्या दृश्यात प्रेक्षकाला हवाहवासा वाटतो. जागेचे स्वतःचे गुणधर्म कथेत कसे वापरावेत, याचा याहून चांगला नमुना मला हिंदीत आठवत नाही. तोच फ्लॅट भरलेल्या सोसायटीत ठेवला असता तर शेजारची बेल वाजून गोष्ट संपली असती.

घराचाच दुसरा प्रकार याच्या अगदी उलट आहे आणि मराठी लेखकांनी त्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. चाळीत कोणी एकटे पडत नाही. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, बाहेर सामाईक पॅसेज, आणि संध्याकाळपर्यंत दार उघडेच ठेवण्याची रीत. इथे भीती ‘कोणी ऐकणार नाही’ ही नसते, तर ‘सगळे ऐकतील’ ही असते. हिचकॉक यांच्या ‘रोप’मध्ये (१९४८) मृतदेह पेटीत ठेवून त्याच पेटीवर पाहुण्यांसाठी जेवण मांडले जाते, आणि संपूर्ण ताण पेटीचे झाकण उचलले जाईल का, या एका शंकेवर चालतो. आता कल्पना करा की चाळीतल्या खोलीत जे कोणाच्याही दृष्टीस पडता कामा नये असे काही आहे, शेजारच्या काकू हळदीकुंकवाचे बोलावणे घेऊन दारात उभ्या आहेत, आणि भरदिवसा दार लावून घेतले तर त्याचीच चर्चा होणार आहे. इथे पात्राला बाहेर जाता येत नाही, कारण आत कोणी तरी सारखे थांबायला हवे. कुलपापेक्षा हे कारण मला अधिक बळकट वाटते, कारण ते पात्राने स्वतः ओढवून घेतलेले असते.

घर निवडणाऱ्याला एका धोक्याची जाणीव हवी. आपल्या नाटकातला दिवाणखाना आणि चित्रपटातली खोली यांत फरक आहे. नाटकात प्रेक्षक एकाच अंतरावरून सगळा रंगमंच पाहत असतो. चित्रपटात त्याला कॅमेरा दाखवेल तेवढेच दिसते. त्यामुळे दार कुठे, खिडकी कुठे, स्वयंपाकघरातून काय ऐकू येते, हे पहिल्या वीस मिनिटांत त्याच्या मनात ठसवावे लागते. तसे केले नाही तर पुढची झटापट केवळ गोंधळ वाटते. शिवाय खोली हळूहळू बदलत गेली पाहिजे. बारा ज्युरी-सदस्य एका खोलीत बसून खटल्याचा निकाल ठरवतात, तो सिडनी ल्युमेट यांचा ‘१२ अँग्री मेन’ (१९५७) रूढ अर्थाने थरारपट नाही, परंतु या बाबतीत त्याच्याकडे जावेच लागते. त्यांनी सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या रेषेच्या वर ठेवला, मग नजरेच्या पातळीवर आणि अखेरीस खाली. सोबतच भिंगांची नाभीय लांबी (फोकल लेंग्थ) वाढवत नेली. त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात, शेवटी छतही दिसू लागते, आणि एकही वस्तू न हलवता खोली लहान होते. याच कथेवर बासू चॅटर्जी यांनी ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) केला, तेव्हा आपल्याकडे फौजदारी खटल्यांतली ज्युरी बंद झालेली होती. तरीही प्रेक्षकाला ते खटकले नाही, कारण एकमत झाल्याशिवाय कोणी बाहेर पडणार नाही, हा खोलीचा नियम स्पष्ट होता.

व्यवहारात मात्र मुंबईतला खरा फ्लॅट त्रासदायक असतो. सोसायटीची परवानगी मिळाली तरी सिंक साउंड, म्हणजे चित्रीकरण चालू असतानाच आवाज मुद्रित करून, घेताना शेजारचे ड्रिलिंग, खालचे हॉर्न आणि खिडकीतली कबुतरे काही थांबत नाहीत. कुजबुज आणि श्वास यांवर उभा असलेला चित्रपट पूर्ण डबिंगवर सोडणे म्हणजे त्याचा जीवच काढून घेणे होय. चाळीची खोली तर एवढी लहान असते की कॅमेऱ्याला मागे सरकायला जागाच उरत नाही. भिंती काढता-घालता येतील असा सेट बांधणे सुरुवातीला महाग वाटते, पण वाचणारे दिवस धरले तर बऱ्याचदा तेच परवडते. हिचकॉक यांनीही ‘रोप’साठी सरकत्या भिंतींचाच सेट वापरला होता.

गाडीचे गणित वेगळे आहे. दार आतून उघडता येते, म्हणून कोंडलेपणा दारातून येत नाही, वेळेतून येतो : ठरावीक वेळात पोहोचायचे आहे आणि पोहोचेपर्यंत सगळे फोनवरच निस्तरायचे आहे. स्टीव्हन नाइट यांच्या ‘लॉक’मध्ये (२०१३) टॉम हार्डी रात्री बर्मिंगहॅमहून लंडनला निघतो, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या साइटवर मोठे काँक्रीट ओतले जाणार आहे, आणि त्याच प्रवासात त्याची नोकरी व घर दोन्ही हातून जाऊ लागतात. पडद्यावर दिसतो तो एवढा एकच माणूस. बाकीच्यांचे फक्त आवाज. आपल्याकडे याला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग शोभून दिसतो. सुमारे ९४ किलोमीटरचे अंतर, टोलनाके, घाट आणि बोगदे यांमुळे प्रवासाचा वेळ आणि चित्रपटाची लांबी जवळपास जुळतात. अटल सेतूचा मोह अनेकांना होईल, कारण तिथे गाडी थांबवायला मनाई आहे, परंतु २१.८ किलोमीटरचा तो पूल पंधरा-वीस मिनिटांत संपतो, त्यामुळे त्यावर एक प्रसंग होईल, चित्रपट होणार नाही. चित्रीकरणासाठी लो-लोडर (गाडी वर चढवून ओढून नेणारा बुटका ट्रेलर), वाहतूक पोलिसांची परवानगी आणि मागेपुढे साथीच्या गाड्या लागतात, किंवा स्टुडिओत गाडीभोवती एलईडी पडदे उभारावे लागतात. छोट्या निर्मात्याला तिन्हींत हाच पर्याय जड जातो. शिवाय तो एकाच नटाच्या चेहऱ्यावर तोलला जातो. तो चेहरा आधी नक्की नसेल तर पटकथाच सुरू करू नये.

फोनसमोरचा माणूस हा पर्याय पैशाने सर्वांत हलका आणि लेखनाने सर्वांत अवघड आहे. गुस्ताव म्योलर यांचा २०१८ सालचा डॅनिश चित्रपट ‘द गिल्टी’ आपत्कालीन कॉल घेणाऱ्या पोलिसाच्या टेबलावर घडतो. अपहरण झालेली बाई फोनवर आहे, मागे पाऊस आणि वायपर ऐकू येतात, आणि त्या आवाजांवरून तो पोलीस जे चित्र रंगवतो तेच आपणही रंगवतो. ते चित्र चुकीचे असू शकते, ही या रचनेची खरी ताकद आहे. घरात प्रेक्षकापासून एखादी वस्तू लपवता येते. इथे संपूर्ण जगच लपलेले असते, आणि प्रेक्षक ते स्वतःच्या पूर्वग्रहांनी भरतो. मुंबईसाठी तर जागा तयारच आहे : महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन नियंत्रण कक्ष, हेल्पलाइन १९१६. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झालेला २६ जुलै २००५ चा दिवस ज्यांनी पाहिला, त्यांना मध्येच तुटलेला फोन म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तशाच एखाद्या रात्री कॉल घेणाऱ्या कर्मचाऱ्याला खुर्ची सोडता येत नाही, कारण पुढचा कॉल आधीच वाजत असतो. मात्र इथे चित्रीकरणावर वाचलेला पैसा ध्वनीवर खर्च करावाच लागतो. फोनवरचे कलाकार शेजारच्या खोलीतून प्रत्यक्ष बोलले पाहिजेत. समोर कोणी सहायकाने सपाट वाचलेल्या ओळींवर नट प्रतिसाद देऊ लागला, की पहिल्या पाच मिनिटांतच ते जाणवते.

लिफ्ट किंवा शवपेटीएवढी जागा निवडण्याचे धाडस पहिल्याच चित्रपटात करू नये. रॉड्रिगो कोर्तेस यांचा ‘बरीड’ (२०१०) पेटीबाहेर एकदाही जात नाही, पण त्यासाठी त्यांनी वेगवेगळ्या सात पेट्या बनवून घेतल्या होत्या. जागा जितकी लहान, तितकी कॅमेऱ्याची तयारी मोठी.

तेव्हा निवड अशी करावी. हाताशी तीन-चार चांगले नट असतील आणि संवाद लिहिण्यावर पकड असेल तर घर घ्यावे, त्यातही रिकाम्या टॉवरपेक्षा चाळ, कारण ती अजून पुरेशी वापरली गेलेली नाही. एकच नट असेल, पण तो असामान्य असेल आणि निर्मात्याची तयारी असेल, तर गाडी. पैसा खरोखर कमी असेल आणि ध्वनिसंयोजक विश्वासाचा असेल तर फोन. दोन पर्यायांमध्ये मन घुटमळत असेल तर शेवट आधी लिहून पाहावा, कारण तिन्ही जागा शेवटाकडे निरनिराळ्या मागण्या करतात. घरातल्या गोष्टीत प्रेक्षक दार उघडण्याची वाट पाहत असतो, म्हणून दार उघडल्यानंतर काय उरले, हे दाखवावेच लागते. गाडी मुक्कामाला पोहोचण्याच्या आधी दोन मिनिटे थांबली तरी चालते. फोनच्या गोष्टीत मात्र पलीकडचा माणूस एकदाही दाखवू नये. निर्माता कितीही आग्रह करो, शेवटच्या दृश्यासाठीसुद्धा नाही.